डब्यातला ज्वारीचा दाणा

पहिला दाणा मला मधल्या खणाच्या कडेला सापडला. पोरगी कंपनीतून येते तेव्हा डबा तिकडूनच धुऊन आणते, तरी मी तो परत एकदा घासते. माझी सवयच आहे ती. घासताना बोटाला काही टोचलं म्हणून पाहिलं, तर ज्वारीचा दाणा. अख्खा. शिजलेला नाही, भाजलेला नाही.

आमच्या घरातली ज्वारी गिरणीत जाते आणि पीठ होऊन येते. डब्यात भाकरी जाते, दाणा जात नाही. तो दाणा मी ओट्यावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत उभी राहिले. भांड्यात ज्वारी घालून परत देणारं माणूस मी आजवर एकच पाहिलं होतं. ते म्हणजे माझी हीच पोरगी, पाचेक वर्षांची असताना.

माझी दोन्ही पोरं संस्थेतून आणलेली आहेत. सख्खी बहीणभाऊ. लग्नाला कितीतरी वर्षं झाली तरी मूल नव्हतं, मग ह्यांनी आणि मी अर्ज केला. संस्थेतल्या बाई म्हणाल्या, बाळ लहान आहे पण त्याची बहीण मोठी आहे, तिला मागचं काही आठवत असेल, चालेल का? हे लगेच म्हणाले, चालेल. पोरगी बाळाच्या पायाचं बोट धरून बसली होती. ते तिने रिक्षात बसेपर्यंत सोडलं नाही.

दत्तक आहेत हे दोघांनाही माहीत आहे, ते आम्ही कधी लपवलं नाही. पण त्याच्या मागचं काही आमच्या घरात बोललं जात नाही. सुरुवातीला एकदा पोरीने विचारलं होतं, "आजी कवा येनार?" मी पीठ मळत राहिले.  त्यानंतर तिने परत विचारलं नाही.

त्याच दिवसांतली गोष्ट. शेजारच्या भाभींनी वाटीभर शीरखुर्मा पाठवला होता. आमच्याकडे रिकामी वाटी परत देत नाहीत, सगळे साखर घालतात. मी वाटी धुऊन पोरीच्या हातात दिली आणि साखरेचा डबा काढायला वळले, तेवढ्यात ती पळाली. थोड्या वेळाने भाभी दारात आल्या, वाटी पुढे धरून.

"अगे, ये ज्वारी कायकू भेजी? मैंने मुर्गियां पाली क्या?"

वाटीत मूठभर ज्वारी होती. पोरगी माझ्या मागे लपली आणि म्हणाली, "रिकामी देऊ नाय."

आम्ही दोघी हसलो. भाभी अजूनही तिला कधी कधी मुर्गीवाली म्हणतात. पण मला तेव्हाच वाटलं होतं, हे हिला कुणी शिकवलं? मी नाही. कुठल्या तरी घरात भांडं परत देताना ज्वारी घालत असणार, आणि ते घर माझं नव्हतं.

आता तसाच दाणा तिच्या डब्यात आला होता.

हे मी कुणाला तोंडाने सांगू शकले नसते. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यात स्वभाव असा की दुकानात जास्त माणसं असली तर मी परत येते. लिहिताना समोर कुणी नसतं, म्हणून लिहिते.

हे गेल्यापासून मी घरी डबे करते. पुंडलिकनगरात खोल्या घेऊन राहणारी पोरं आहेत, नोकरीवाली आहेत, त्यांचे डबे. एवढे दिवस हे काम केल्यावर परत आलेला डबा उघडला की मला खाणारा कळतो. कुणी भाजीतली मोहरी बाजूला काढतो, कुणी वरणाला हात लावत नाही, कुणी घाईत खातो. पोरीच्या डब्याकडेच मी नीट बघितलं नव्हतं. घरचंच म्हणून. दाणा सापडल्यावर मी मागचं सगळं आठवायला लागले, आणि एकेक गोष्ट जागेवर बसत गेली.

मोठा डबा तिनेच मागून घेतला होता. "मैत्रिणी खातात गं आई." बरं. मग म्हणाली, भाकरी जरा मऊ कर. मग म्हणाली, तिखट कमी कर. ही पोरगी ठेच्याशिवाय जेवत नाही! भात मऊ हवा, येसर आमटी पातळ हवी, शेंगदाण्याची चटणी नको. मी म्हटलं, पोट बिघडलंय का? तर म्हणाली, "हौ, जरासं." आणि घरी आल्यावर ताटात हिरवी मिरची घेऊन बसली.

आधी वाटलं, एखादा मुलगा असेल. तेही मला चाललं असतं. पण कोणता तरणा मुलगा बिनतिखटाचा मऊ भात खातो?

नोकरीचंही आठवलं. चिकलठाण्यात, जवळ, काम मिळत होतं. तिने हट्टाने चितेगावची कंपनी धरली. रोज बसने पैठण रोडला एवढं लांब. मी विचारलं होतं का, तर म्हणाली, "तिथं बरं हाय." काय बरं आहे ते सांगितलं नाही.

आणि पोरगा. तो आयटीआयला आहे. रविवारी क्रिकेट खेळायला म्हणून गाडी घेऊन जायचा आणि कपड्यांना धूळही न लागता परत यायचा. संध्याकाळी दोघं गच्चीवर जायचे. मी वाळलेले कपडे काढायला वर गेले की बोलणं थांबायचं.

"काय चाललंय?" मी विचारायची.

"काय नाय. ताई पकवतीये मला."

"मी पकवते? हाच बघ ना, डोकं खातो."

एवढ्या पटकन भांडण कुणी खोटंच करतं.

मग ती साडी. पोराच्या खोलीत झाडताना गुलमंडीतल्या दुकानाची पिशवी दिसली. आत मऊ सुती साडी होती, जांभळी, बारीक काठांची. मी घडी उलगडली नाही, नुसता हात लावून ठेवून दिली. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. वाटलं, माझ्यासाठी आणली आहे, लपवून ठेवली आहे. त्या पौर्णिमेला विहारात जायचं होतं, मी वाट बघितली. जुनीच साडी नेसून गेले. परत येऊन पाहिलं तर पिशवी जागेवर नव्हती.

तेव्हा मला खात्री पटली. त्यांना ती सापडली होती. त्यांची जन्मदाती आई. संस्थेत आम्हाला काही सांगितलं नव्हतं, जिवंत आहे की नाही तेही नाही. आता ती चितेगावात कुठेतरी बसून माझ्या हातची भाकरी खात होती, माझ्या पोरांनी आणलेली साडी नेसत होती. आजारी असेल, म्हणून मऊ अन्न. बरी झाली की पोरांना म्हणेल, चला. आणि पोरं तिची आहेत, का नाही जाणार?

भाभींना मी एवढंच सांगितलं की पोरं काहीतरी लपवतात.

"तो पूछ ना सीधा," भाभी म्हणाल्या. "अपनेच बच्चे, उनसे क्या शरमाना?"

"विचारलं आणि हो म्हणाले तर?"

 भाभींना माहीत होतं मी काय म्हणते ते. पोरं लहान असताना त्यांच्याच ओसरीवर बसून मी म्हटलं होतं, उद्या कुणी येऊन माझी पोरं मागितली तर मी जगणार नाही. तेव्हा पोरगी पलीकडे खेळत होती. तिने ऐकलं असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

मी विचारलं नाही. पण एक दिवस मुद्दाम वांग्याची भाजी तिखटजाळ केली, वर ठेचा ठेवला, भाकरी कडक शेकली. पोरीला आवडते तशी सगळी. डबा भरताना ती बघत होती.

"आज भात नाय का?"

"नाही केला. तुला वांगं आवडतं ना?"

"आवडतं." तिने डबा घेतला. चप्पल घातली, उंबऱ्यापर्यंत गेली, परत आली. "आई, रात्रीचं वरण उरलंय का गं? थोडं दे ना. आणि दोन पोळ्या. कालच्या असल्या तरी चालतील."

मी वरण दिलं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं नाही, मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. त्या संध्याकाळी डब्याच्या पिशवीच्या शिवणीत मला आणखी एक दाणा सापडला.

मग पोरीला ताप आला. सकाळी उठताच येईना. मी भाकरी थापत होते, खोलीतून दोघांची कुजबुज ऐकू येत होती.

"मंग आज तू जा."

"प्रॅक्टिकल हाय ताई. नाय गेलो तर वर्ष जाईल माझं."

"ती उपाशी बसंल रे. दुसरं कोण हाय तिला?"

माझ्या हातातली भाकरी तुटली. मी ती बाजूला ठेवली, दुसरी थापली. फोडणी केली. भात मऊ केला, डबा भरला, कड्या लावल्या आणि डबा घेऊन खोलीत गेले. पोरगा एक बूट घालून बसला होता.

"डबा कुठं द्यायचा, तेवढं सांग," मी म्हटलं.

"कसला डबा?" पोरगा म्हणाला.

"मधल्या खणात भात आहे. आमटीत तिखट नाही. कुठं द्यायचा?"

पोरगी उठून बसली. तापाने तोंड लाल झालं होतं. "आई, तू जाऊ नको."

"का?"

"तुला काही झालं तर?"

"ताप तुला आहे. मला काय होतंय?"

ती रडायला लागली. पोरगा खाली बघत बुटाची लेस बांधत राहिला, बांधलेलीच परत परत. शेवटी तीच म्हणाली, "चितेगावात, पाण्याच्या टाकीमागं. पत्र्याचं घर हाय. दारात शेवगा हाय."

कोण आहे ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझे पाय उचलले नसते. पोराने भाभींना पोरीजवळ बसायला बोलावून आणलं. भाभींनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "जा. पदर नीट ले."

पैठण रोडच्या बसमध्ये मी एकटी कधी बसले नव्हते. मांडीवर डबा धरून खिडकीकडे तोंड केलं. त्या बाईच्या तोंडावर काय बोलायचं ते मनात जुळवत होते. पोरं माझी आहेत. मी त्यांना वाढवलं. तुम्ही कुठं होता? वाक्यं जुळायची आणि पुढच्या खड्ड्याला मोडायची. ती दिसायला कशी असेल याचाच विचार जास्त येत होता. पोरीचं नाक तिच्यासारखं असेल. पोराची हनुवटी.

शेवगा सापडला. दारात बाजेवर एक म्हातारी बसली होती. अंगावर जांभळी सुती साडी, बारीक काठांची. एका डोळ्यात पांढरं आलेलं, दुसऱ्यानेही धड दिसत नसावं, कारण ती माझ्या पावलांकडे कान करून बसली होती.

"कोन हाय? पोरगी नव्हं तू."

"डबा आणलाय," मी म्हटलं. "पोरीला बरं नाही."

ही त्यांची आई नव्हती. हिचं वय माझ्या आईएवढं. क्षणभर बरं वाटलं, मग वाटलं, आई आत असेल. मी तिच्या खांद्यावरून आत बघायला लागले. एक चूल, एक रांजण, दोरीवर एक जुनं लुगडं.

"आत कुनी नाय," म्हातारी म्हणाली. "बस. तू कंपनीतली का?"

मी नुसतं "हं" म्हटलं. खोटं बोलायचं नव्हतं, पण खरंही बोलवेना. तिच्यापुढे डबा उघडून ठेवला. ती ताटात भात घेऊन आमटी कालवून हळूहळू खायला लागली. मी पदर धरून बसले. मला विचारायचं होतं, तुम्ही कोण, आई कुठे आहे, तुम्हाला पोरं परत हवीत का. 

दुसऱ्या घासाला म्हातारी थांबली. "आज लसूण जळलाय गं आमटीतला."

"पोरगी तापलेली," मी पटकन म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं फोडणीकडं."

म्हटलं आणि मग लक्षात आलं. फोडणीचं बोलणं डबा करणारीला लागतं, नुसतं आणणारीला नाही.

म्हातारीने ओळखलं, मी कोण ते.  मला वाटलं, आता ताट सारील, नाहीतर रडेल. ती म्हणाली, "किती तापलीय?"

"अंग भाजतंय नुसतं. सकाळी गोळी दिली."

"डोकं दुखतंय का? लहानपनी ताप आला की डोकं धरून बसायची. कपाळाला थंड पानी लाव. औषध कडू असलं की थुकती ती, बघत जा."

"अजून थुंकते," मी म्हटलं.

"थुकती का?" म्हातारी हसली. तोंडात दात नव्हते. "नाय सुधरली मंग."

मग तीच सांगत गेली, मी न विचारता. ती पोरांच्या आईची आई. लेक बाळंतपणानंतर सावरलीच नाही, जावई त्याच्या आधीच गेलेला. हिच्याजवळ ना शेत, ना कुणी हाताशी. बाळ दूध मागायचं. मग गावातल्या एका बाईंना धरून संस्थेत नेऊन दिली. पोरीला चितेगाव नाव पाठ होतं. तिने ते कुणाला सांगितलं नाही आणि ती विसरलीही नाही. कंपनीत लागल्यावर जेवणाच्या सुट्टीत गावात येऊन घर शोधलं.

"मी तिला म्हनलं, तुझ्या आईला सांग. तर म्हनती, नको आजी, माझी आई लई भिती."

मला लाज वाटली, आणि रागही आला. एवढं सगळं ह्या दोघींनी माझ्याबद्दल बोलून घेतलं होतं.

"तुम्ही..." मी म्हटलं. "तुम्ही पोरं मागणार तर नाही ना?"

"मागून ठिवू कुठं?" म्हातारीने बाजेवर हात आपटला. "ही बाज हलली तर मीच खाली पडते." मग थोडी थांबून म्हणाली, "पोरगी मला म्हनती, चल तिकडं आमच्या घरी. मी नाय म्हनलं. एकदा देऊन आले, आता मागनं चालत जाऊ का? पन डब्याचं लई भ्या वाटायचं मला. तुला कळलं की बंद व्हईल म्हनून."

  तिने ताट पुसून खाल्लं. डबा मला धुऊ दिला नाही, चाचपडत स्वतः धुतला. मग आत गेली. मला पत्र्याच्या डब्यात हात घातल्याचा आवाज आला, आणि ती कड्या लावलेला डबा घेऊन बाहेर आली. परत देताना म्हणाली, "लसूण जळला तरी हात चांगला हाय तुजा."

डब्यात काय आहे ते मला माहीत होतं. बसमध्ये मी तो हलवला तेव्हा आतून बारीक आवाज आला.

घरी पोचले तेव्हा पोरगा दारातच उभा होता, पोरगी त्याच्या मागे भिंतीला टेकून. आता ती दोघं माझ्याकडे तशी बघत होती, जशी मी इतके दिवस त्यांच्याकडे बघत होते. मी डबा कुठे ठेवते, काय बोलते, तोंडावर काय आहे. मला ते एका परीने बरंच वाटलं.

"काय म्हनली?" पोराने विचारलं.

"लसूण जळला म्हणाली."

डबा पोरीच्या हातात दिला. तिने कड्या काढल्या. मधल्या खणात मूठभर ज्वारी होती.

"रोज देते?"

तिने मान हलवली.

"मग आजवर टाकत कुठं होतीस?"

तिने भावाकडे बघितलं. तो वर गच्चीवर गेला आणि पाण्याच्या टाकीमागून झाकणाची प्लास्टिकची बरणी घेऊन आला. गळ्यापर्यंत ज्वारी. टाकायची नाही आणि स्वयंपाकघरात आणायची नाही, म्हणून दोघांनी ती तिथे साठवली होती. मी झाकण उघडलं. सोंडे लागून काही दाणे पोखरले होते.

"अन्न असं कुजवतात का?" मी म्हटलं. मला ओरडायचं होतं, पण आवाज बारीकच निघाला. "मला दिली असती तर?"

"तू विचारलं असतंस, कुठून आली," पोरगी म्हणाली.

खरं तर मी विचारलं नसतं, पण तसं तिला का वाटावं, हे माझ्या मनात राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती ज्वारी सुपात घेऊन पाखडली, निवडली, उन्हात ठेवली आणि आमच्या दळणात मिसळून गिरणीत पाठवली. त्याच पिठाची भाकरी आता चितेगावला जाते. मऊ करते, दुधात भिजेल अशी. डबा पोरगी नेते, तिला जमलं नाही तर मी जाते. मधल्या खणातली ज्वारी आता माझ्या ओट्यावर येते.

म्हातारीला इकडे आणायचं का, ते ठरलेलं नाही. पोरं माझ्या तोंडाकडे बघतात, मी कामाला लागते. जागा आहे घरात. ह्यांची बाज रिकामी आहे. पण ती आली की पोरं तिला आजी म्हणतील, जुनं काही बोलतील, आणि मी त्यात नसेन, एवढं एक मनातून जात नाही. कालच संध्याकाळी कपडे काढायला गच्चीवर गेले तर दोघं बोलायचे थांबले.

"काय चाललंय?" मी विचारलं.

पोरगी भावाकडे बघून म्हणाली, "सांगू का?"

मी कपडे खांद्यावर टाकले आणि पहिल्यांदाच खाली निघून न जाता तिथेच कठड्याला टेकले. "सांग," मी म्हटलं.